भाऊंचा चष्मा

सकाळी पेपर दारात पडला की माझा उजवा हात अजून शिवशिवतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी पहिल्या पानाचा खालचा डावा कोपराच मी आधी बघतो. तिथे माझं चित्र असायचं. आता तिथे कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. मधोमध साहेबांचा गोरा केलेला फोटो आणि भोवती शुभेच्छुकांची टाचणीएवढी डोकी. मी चहा पिता पिता पेन्सिल उचलतो आणि त्या फोटोलाच पोट, हनुवटी, कपाळाच्या आठ्या जिथल्या तिथे बसवून टाकतो. माझी बायको माधवी म्हणते, "रद्दीवाला घ्यायचा नाही हो असले पेपर." तिचं बरोबर आहे. पण सवय म्हणा, खोड म्हणा, बसवत नाही मला स्वस्थ.

रत्नागिरीत मला सगळे 'पेंटर' म्हणतात. व्यंगचित्रकार हा शब्द लांब पडतो, आणि पूर्वी मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो हे लोक विसरलेले नाहीत. राज्याच्या अर्थमंत्र्याला मी पहिल्या पानावर झोडपलेलं असायचं आणि त्याच सकाळी दारात कुणीतरी उभं असायचं, "पेंटर, स्कूटरचा नंबर जरा ठळक करून द्या." मी द्यायचो करून.

बाहेरच्यांना वाटतं, या कामात चित्र काढणं अवघड. चित्र हाताच्या सवयीने येतं. अवघड असते ती खूण. रोजच्या छोट्या चित्रात माणूस कपातल्या माशीएवढा असतो. तेवढ्यात वाचकाने त्याला ओळखला पाहिजे, तेही नाव न लिहिता. म्हणून प्रत्येक पुढाऱ्याची एक खूण शोधावी लागते. कुणाची भुवई, कुणाचं उपरणं, कुणाची पोटावर हात ठेवायची तऱ्हा. खूण एकदा सापडली की माणूस आपल्या खिशात आला. मग तो पक्ष बदलो, खातं बदलो, खूण बदलत नाही.

जिल्ह्याच्या गावात या धंद्याची आणखी एक गंमत आहे. मुंबईच्या चित्रकाराला रागावलेल्यांची पत्रं येत असतील. इथे रागावलेला माणूस दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावर बसलेला असतो. वर तोच वाढप्याला ओरडून सांगतो, "अरे, पेंटरना मठ्ठा वाढ!" आता असल्या माणसाचं पोट उद्या किती मोठं काढायचं? मी मठ्ठा प्यायचो आणि पोट होतं तेवढंच काढायचो.

रागावणाऱ्यांपेक्षा न काढलेल्यांचा त्रास जास्त. एका नगरसेवकाचे मेहुणे ऑफिसात येऊन बसले होते. आमचे संपादक अप्पा, म्हणजे पेपरचे मालकही तेच, त्यांच्यासमोर हे गृहस्थ अगदी कळवळून सांगत होते, "आमच्या साहेबांचं एकदासुद्धा चित्र नाही आलं हो. बायकोसमोर मान खाली जाते त्यांची. गटारावरून काढा, पाण्यावरून काढा, पण काढा." अप्पा गंभीरपणे म्हणाले, "आधी त्यांनी काहीतरी करायला हवं." मेहुणे म्हणाले, "तेच तर. काहीच करत नाहीत, यावर काढा." एवढा प्रामाणिक नातेवाईक मी पुन्हा पाहिला नाही. मी काढलं चित्र. त्यांनी फ्रेम करून घेतलं.

पण मला आज सांगायचं आहे ते भाऊंबद्दल. खरं नाव राहू दे, सगळे भाऊच म्हणतात. भाऊ आमदार म्हणून निवडून आले तेव्हा मी चांगलाच मुरलेला होतो, आणि तरी त्यांच्यापुढे माझं काही चालेना. त्यांचा चेहरा टाकी न लावलेल्या नव्या दगडी पाट्यासारखा गुळगुळीत. कुठे काही धरायलाच नाही. नाक नाकाएवढं, कान कानाएवढे, मिशी कुणाचीही असावी अशी, आणि साधा काळ्या फ्रेमचा चष्मा, जो अर्ध्या जिल्ह्याच्या नाकावर असतो. मी काढलेले भाऊ पाहून अप्पा विचारायचे, "हा कोण? तलाठी?"

मग मी त्यांच्या मागावर लागलो. सभा, उद्घाटनं, शाळांची बक्षीस वाटपं, बाराव्या-तेराव्याची जेवणं. चिपळूणला पुराची पाहणी होती तिथे गेलो, हातखंब्याला हायवेची सभा होती तिथे गेलो. मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहायचो आणि बघत राहायचो. माधवी म्हणायची, "एवढं बघून मुलगी द्यायचीय का त्यांच्या घरात?"

हातखंब्यालाच ती खूण पहिल्यांदा दिसली. भाऊ म्हणाले, "पावसाच्या आत हा रस्ता पुरा होणार, लिहून ठेवा." हे म्हणायच्या आधी त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, वाक्य पुरं केलं आणि मग चष्मा परत घातला. तेव्हा मी दुर्लक्ष केलं. रस्ता पावसाच्या आत व्हायचा नव्हता हे हातखंब्याच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. पण नंतर संगमेश्वराच्या बाजूला एका शाळेच्या इमारतीचं आश्वासन देताना त्यांनी चष्म्याला हात लावला नाही, आणि ती इमारत खरंच उभी राहिली. आईच्या आजारपणाबद्दल बोलतानाही चष्मा नाकावरच. आणि पाणी योजनेची तारीख सांगायची वेळ आली की चष्मा हातात.

मी घरी येऊन माधवीला सांगितलं, "खोटं बोलायच्या आधी भाऊ चष्मा काढतात." ती शाळेत शिकवायची, पुराव्याशिवाय तिला काही पटत नाही. म्हणाली, "आपल्याकडची हवा कसली दमट. घाम येत असेल बिचाऱ्यांना, काच धुरकटत असेल." मीही मग ऐन थंडीत, पंख्याखालच्या बैठकीत जाऊन बघितलं. घाम नव्हता. चष्मा मात्र निघाला.

चित्र काढताना मला त्याचा अर्थ लागला. भाऊंना चष्म्याशिवाय पहिल्या रांगेतला माणूसही ओळखू यायचा नाही. ज्यांच्याशी खोटं बोलायचं त्यांचे चेहरे दिसू नयेत, एवढ्यासाठी तो हात आपोआप वर जात असणार. म्हणून मी चित्र त्यांच्या बाजूने काढलं. पाठमोरे भाऊ, हातात चष्मा, आणि समोर माणसांच्या जागी नुसते पुसट ठिपके. खाली एक शब्द लिहिला नाही. अप्पांनी ते बराच वेळ धरून ठेवलं आणि म्हणाले, "हे फार खोल गेलं, पेंटर." मग स्वतः छपाईला दिलं.

गावाने ती खूण अशी उचलली की विचारू नका. नंतर नंतर कोपऱ्यात नुसता चष्मा धरलेला हात काढला तरी पुरायचं. बाजारात कुणी थकलेले पैसे मागितले की दुकानदार आपला चष्मा काढून पुसायला लागायचा, "देतो की उद्या!" आणि सगळे हसायचे. माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही रेषेला असं भाग्य लाभलं नव्हतं. मी छाती काढून फिरत होतो, खोटं कशाला बोलू.

आता इंदूआक्काबद्दल सांगायला हवं. खाडीच्या मुखाशी कोळ्यांची एक वाडी आहे. तिथली इंदूआक्का आमच्या दारावर मासळी घेऊन यायची, अजूनही येते. वाडीपुढे लांबलचक पुळण आहे, म्हणजे समुद्राने आणून टाकलेल्या वाळूचा पट्टा. अर्ध्या पुळणीवर बायका मासळी सुकत घालायच्या आणि उरलेल्या अर्ध्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असायच्या. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा वाडी जगते ती या सुकवलेल्या मासळीवर. आणि त्याच पुळणीवर पर्यटकांसाठी गाड्या लावायची जागा आणि चौपाटी करायचं घाटत होतं. नकाशेही झाले होते म्हणत.

भाऊ वाडीत सभेला आले. देवळाच्या मांडवात बायका पुढे, पुरुष मागे. मी खांबाला टेकून. भाऊ म्हणाले, "विरोधक काहीही उठवतात. तुमच्या पुळणीला..." आणि हात चष्म्याकडे गेला. चष्मा निघाला. सदऱ्याचं टोक हातात आलं. तेवढ्यात इंदूआक्का उभी राहिली.

"भाऊ, आदी चष्मा घाला. नि मंग बोला."

मांडवात हशा फुटला आणि लगेच विझला. सगळ्यांना कळलं की हे हसण्यावारी न्यायचं नाही. भाऊंनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता. मग त्यांनी चष्मा घातला. समोरच्या बायका त्यांना आता स्वच्छ दिसत असणार. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "वरून दबाव आहे. अजून ठरलेलं नाही. ठरलं तर मी आधी इथे येऊन सांगेन."

हे खरं होतं. आणि एकदा खरं बोलून गेल्यावर त्यांना मागे फिरता येईना. कागद कुठल्यातरी टेबलावर अडून राहिले, तो हंगाम पुळण वाचली. दुसऱ्या दिवशी आक्काने मला एक सुरमई दिली आणि काही केल्या पैसे घेईना. व्यंगचित्राने काही बदलत नाही असं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. ती सुरमई खाताना मला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी एका उद्घाटनात भाऊ दिसले. नाकावर चष्मा नव्हता. कोल्हापूरला जाऊन त्यांनी डोळ्यांचा नंबर घालवून घेतला होता. मला लांबून ओळखून ते हसले आणि म्हणाले, "पेंटर, ती सवय तुमच्यामुळे कळली हो मला. घरच्यांनी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं." अगदी मनापासून आभार मानले त्यांनी.

वाडीत पुन्हा सभा झाली. भाऊ त्याच मांडवात उभे राहिले, इंदूआक्काच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि म्हणाले, "आक्का, पुळणीला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द. फक्त मोजणी करायचीय, चार दिवस जागा मोकळी करून द्या." हात दोन्ही बाजूंना शांत. पापणीही हलली नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आक्काने नारळ दिला. मीसुद्धा ऑफिसात येऊन अप्पांना म्हणालो, "आज भाऊ नकोत. आज भाऊ खरं बोलले."

बायकांनी सुकवायची जागा मोकळी करून दिली, आणि त्या मोकळ्या जागेवर जेसीबी उतरला. आज तिथे पेव्हर ब्लॉक आहेत, शनिवार-रविवार गाड्या लागतात. आक्का आता घराच्या पत्र्यावर मासळी सुकवते. शिडीवरून चढते, या वयात.

त्यानंतर बरेच दिवस ती आमच्या दारावर आली नाही. आली तेव्हा टोपली खाली न ठेवता उभ्यानेच म्हणाली, "पेंटर, तुमीच शिकवलात त्याला. पाण्यात मासा दिसला तर माणूस गपचूप जाळं टाकतो. तुमी बोंब मारलीत."

मी तिला म्हणालो, "आक्का, दाखवायचं हेच माझं काम. मी दाखवलं नसतं तर पहिल्या सभेत तुला तरी कुठून कळलं असतं?"

"ता बी खरा," ती म्हणाली. "पन पुळण गेली."

या दोन वाक्यांमध्ये मी आजवर अडकलेलो आहे. मी चूक केली असं मला वाटत नाही. पेटीत कुलूप लावून ठेवायची ती खूण कसली? पण मला राहून राहून एक गोष्ट टोचते. भाऊंचा तो हात म्हणजे त्यांच्यात उरलेली लाज होती. लोकांच्या तोंडावर खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते आधी तोंडं पुसून टाकायचे. मी त्या लाजेवर बोट ठेवलं आणि त्यांनी ती उपटून टाकली. नंतर मी त्यांची कितीतरी चित्रं काढली, पण एकाही चित्रात ते सापडले नाहीत. मग अप्पा गेले, पेपर त्यांच्या जावयाने घेतला, त्याने माझा कोपरा वाढदिवसांना दिला, आणि प्रश्न मिटला असं मी स्वतःला सांगत राहिलो.

यंदा गणपतीत भाऊ आमच्याकडे दर्शनाला आले. पुढारी गणपतीत घरोघर फिरतात, त्यात नवल नाही, पण निवृत्त पेंटरच्या घरी कोण येतो? बरोबरची माणसं अंगणात ठेवून ते एकटेच आत आले. नमस्कार केला, माधवीने दिलेला मोदक खाल्ला, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. केस पांढरे झाले होते.

"पेंटर, पेपरात तुमचं चित्र नसलं की चुकल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. मग विचारलं, "पुळणीवरून राग आहे तुमचा माझ्यावर?"

घरात गणपती बसलेला, समोर पाहुणा. मी म्हणालो, "छे हो, भाऊ. राग कसला?"

भाऊ माझ्या हातांकडे बघत होते. मीही बघितलं. माझा चष्मा माझ्या हातात होता आणि मी सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत होतो.

"आधी चष्मा घाला, पेंटर," भाऊ हळूच म्हणाले.

मी चष्मा घातला, तेव्हा त्यांचा चेहरा स्वच्छ दिसला. "आहे, भाऊ," मी म्हणालो. "खूप राग आहे. एक म्हातारी पत्र्यावर चढते तुमच्या शब्दापायी."

बाहेर कुणीतरी आरतीची तयारी करत होतं, झांजा वाजत होत्या. मग भाऊ उठले आणि जाता जाता म्हणाले, "जी पुळण उरलीय, होड्या ठेवायची, ती राहील. तिथे आता काही होणार नाही. शब्द देतो." आणि त्यांचा उजवा हात वर आला, नाकाच्या वर, दोन भुवयांच्या मध्ये, जिथे चष्मा बसतो तिथे जाऊन थांबला. तिथे काही नव्हतं. बोटांनी क्षणभर चाचपडलं, मग कपाळ खाजवलं आणि हात खाली आला. भाऊंना पत्ताही लागला नाही.

म्हणजे होड्यांची जागाही जाणार. आणि म्हणजे भाऊंची लाज अजून गेलेली नाही. दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या. कशाने जास्त हललो ते आजही सांगता येत नाही.

ती माणसं गेल्यावर मी आधी पेन्सिल उचलली. चित्र दोन मिनिटांत उतरलं. चष्मा नसलेला माणूस आणि नसलेला चष्मा काढायला गेलेला हात. इतक्या वर्षांनी भाऊ सापडले होते, तलाठ्यासारखे अजिबात दिसत नव्हते. कोपरा असता तर दुसऱ्या दिवशी सगळ्या जिल्ह्याने पाहिलं असतं. मी ते चित्र बाजूला ठेवलं आणि चालत वाडीवर गेलो.

आक्का पत्र्यावर होती. खाली उतरली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, "पेपरात न्हाय ना दिलात?"

"पेपरात जागाच नाही," मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी ती माझ्यासमोर हसली.

दिवाळीआधी वाडीत सभा आहे. पुन्हा मोजणी निघाली आहे, आणि त्यासाठी होड्या चार दिवस दुसरीकडे न्यायला सांगणार आहेत असं कानावर आहे. बायकांचं ठरलं आहे. भाऊंचा हात नाकाकडे गेला, तर कुणी ओरडायचं नाही, हसायचं नाही, चष्म्याचं नाव काढायचं नाही. एवढंच करायचं, टाळी वाजवायची नाही. आणि एकही होडी जागची हलवायची नाही. होड्यांवरून जेसीबी घालायची हिंमत कुणाची होते ते बघू, असं आक्का म्हणते.

तुमच्या हातातल्या या अंकाच्या संपादकांना मी अट घातली होती की सभा होऊन गेल्याशिवाय हा मजकूर बाहेर जाता कामा नये. त्यांनी कबूल केलं, तेव्हा माझ्या घरी, माझ्यासमोर बसले होते. मी त्यांच्या चष्म्यावरून नजर हलवली नाही. तुम्ही हे वाचत असाल, म्हणजे सभा झालेली आहे, आणि हात वर गेला की नाही, होड्या कुठे आहेत, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असेल. मी मात्र आज लिहिताना घरात येरझाऱ्या घालतोय. माधवी दोनदा विचारून गेली की बरं आहे ना.

मला सभेला जायचंच होतं. आक्का नको म्हणत होती, पण शेवटी कबूल झाली. "या. पन मागं बसा," ती म्हणाली. "नि त्याच्या तोंडाकडं बगायचं न्हाय. तुमी बगलात की त्याला कळंल."

तिचं म्हणणं मला पटलं. आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे बघत आलो, त्यावरच घर चाललं. त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत बसून जमिनीकडे बघणार आहे, आणि टाळ्या वाजतात का एवढंच ऐकणार आहे.